अक्कांचा सूर वर लागतो

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. जळगावात माझ्या हाताखालून गेलेली कुठलीही पोरं हे सांगतील. अकरावी-बारावीचं गणित शिकवते मी. फळ्यावर चूक दिसली की आधी डस्टर आपटते, विचार मागाहून करते. बरीच वर्षं मला या स्वभावाचं कौतुकच होतं. 'बाई कडक आहेत, पण बरोबर असतात,' असं लोक म्हणायचे आणि त्यातला दुसरा भाग मला फार आवडायचा. आता कुणी तसं म्हटलं की मी विषय बदलते. त्याला कारण बोदवडच्या एक बाई आहेत, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणते. मी त्यांचा अपराध केला आहे. तो गाण्यात केला, म्हणून आधी गाण्याचं सांगते.

शिकायला पुण्यात होते तेव्हा मी एका वृंदात गायचे. वाद्य एकही नाही, नुसते गळे. इंग्रजी गाणी, त्यातही जॅझमधली संथ, विरहाची. आपल्या कानाला हा प्रकार आधी चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे चार जण गायला बसले तर चौघं एकच चाल गातात. इथे चाल एकटाच गातो, आणि बाकीचे तिघं त्याच वेळी तीन वेगळे सूर धरून बसतात. ते चार सूर एकमेकांना जरा टोचतात आणि मग ते टोचणं हळूच सुटतं. सगळी गंमत त्यात. संथ गाण्यात ते टोचणं लांबवायचं, सोडायची घाई करायची नाही. पाठीमागे पियानो नाही, तंबोरा नाही, ढोलकी नाही. घसरलात तर धरायला काही नसतं.

जळगावात परत आले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि वीसेक वर्षं ते सगळं गुंडाळून माळ्यावर गेलं. मग मुलगा बंगळुरूला गेला, घर मोकळं झालं आणि माझ्या डोक्यात ते खूळ पुन्हा शिरलं. एका जुन्या गाण्याची चार गळ्यांसाठी मी स्वतः मांडणी केली, कुणी कधी कुठला सूर धरायचा ते सगळं वहीत लिहून काढलं. नवरा म्हणाला, "जळगावात हे कोण ऐकणार?" मी म्हटलं, "तू नको ऐकूस."

माणसं जमवली. सर्वांत खालच्या आवाजाचे आबा धुळ्याचे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, भजनात गायचे. आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. दर रविवारी धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत एसटीनं यायचे आणि दारातच अहिराणीत विचारायचे, "चहा शे का?" मधला आवाज आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्या भाऊंचा. चाल मी गाणार होते, अर्थातच. राहिली ती चौथी जागा, माझ्या लगेच खालची. आणि ती सर्वांत अवघड.

ती जागा मला बोदवडला सापडली. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीची हळद होती. पंधरा-वीस बायका दोन बाजूंना बसून गाणी म्हणत होत्या. एका बाजूनं ओळ म्हणायची, दुसरीनं ती परत द्यायची. ढोलकीवाली आलीच नव्हती. मी नमस्कार-चमत्कार करून कोपऱ्यात बसले आणि माझे कान टवकारले. दुसरी बाजू ओळ परत द्यायची तेव्हा दर वेळी जराशी खाली घसरायची. आणि दर वेळी एक आवाज ती ओळ उचलून पुन्हा पहिल्या जागी ठेवायचा. जोर नाही, ओरडणं नाही. अर्धा तास मी ऐकत होते, तो आवाज तसूभर हलला नाही. जेवणाच्या वेळी मी त्या बाईंना गाठलं. बोदवडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान, घरची कोरडवाहू कपाशी, माहेर रावेरकडचं केळीवाल्यांचं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "मॅडम, मले इंग्रजी येत नही."

"इंग्रजीची गरजच नाही. तुम्हाला फक्त ऊ आणि आ म्हणायचंय."

"ऊ न् आ कराले जळगावले येऊ?" आणि त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारच्या बाया वळून बघायला लागल्या. पुढच्या रविवारी पॅसेंजरनं आल्या. हातात कळण्याची भाकरी आणि ठेच्याचा डबा.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. अक्कांना मी कशासाठी आणलं, ते मला ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकून आणलं होतं.

आमची तालीम रविवारी सकाळी नऊला, माझ्या दिवाणखान्यात. पंखा बंद. पंख्याला स्वतःचा एक सूर असतो आणि तो आमच्यात लुडबुड करतो, म्हणून मी तो बंद ठेवायची. आता जळगावचा एप्रिल आणि पंखा बंद, म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मेडिकलवाले भाऊ म्हणायचे, "मॅडम, गाणं विरहाचं आहे, पण मरण आमचं आहे." आबा बनियनवर गायचे. अक्का घामाघूम व्हायच्या पण एक अक्षर बोलायच्या नाहीत. गाण्याचा अर्थ त्यांना सांगितला तेव्हा मात्र, ळचा य करणाऱ्या आपल्या बोलीत, म्हणाल्या, "म्हंजे नवरा गेला न् वापस येत नही, एवढंच ना? मग इतकं हयू कायले म्हनायचं?" मी म्हटलं, "दुःख आहे ना अक्का." त्या म्हणाल्या, "दुःखात तं मानूस भराभरा बोलते."

माझी पद्धत अशी. सुरुवातीला पेटीवर काळी दोन वाजवायची, चौघांनी आपापला सूर उचलायचा, आणि पेटीचं झाकण बंद. मग साडेतीन-चार मिनिटं पेटीला हात लावायचा नाही. "पेटी म्हणजे कुबडी," असं मी म्हणायची. पुण्यात ऐकलेलं वाक्य, पण मी ते माझंच असल्यासारखं वापरायची. गाणं संपलं की झाकण उघडून माझा सूर तपासायचा.

पहिले दोन महिने छान गेले. मग गाणं बसलं, आम्ही ते खरोखर संथ घ्यायला लागलो, आणि पंचाईत सुरू झाली. काळी दोनला सुरू केलेलं गाणं शेवटी पांढरी दोनला येऊन टेकायचं, म्हणजे पूर्ण एक पट्टी खाली. दर वेळी. शिवाय दुसऱ्या अंतऱ्यापासून माझ्या आणि अक्कांच्या सुरात काहीतरी खटकायला लागायचं. हवं ते टोचणं वेगळं आणि हे वेगळं. हे दाताखाली खडा आल्यासारखं.

मी थांबवायची. "अक्का, तुमचा सूर वर लागतोय."

"वर?"

"वर. चढताय तुम्ही. खाली या जरा."

अक्का मान हलवायच्या. पुन्हा घ्यायचो. पुन्हा खडा. पुन्हा मी, "अक्का, वर." तिसऱ्या वेळी माझा आवाज चढायचा. मग अक्का बिचाऱ्या चाचपडत खाली यायच्या, आमच्याशी जुळवून घ्यायच्या, आणि सगळं कसं गोड लागायचं. मी टाळी वाजवून म्हणायची, "बघा! आता कसं जुळलं!" आणि झाकण उघडून पाहावं तर सगळे मिळून पट्टीभर खाली.

आता हे गणित आठवीच्या पोराला घाला. चार माणसं एका उंचीवरून निघाली. शेवटी तिघं खाली आहेत आणि चौथा त्या तिघांना वर वाटतो. तर हललं कोण? मी बावीस वर्षं हेच शिकवते. तरी मी माझ्यापुरतं उत्तर काढून ठेवलं होतं: अक्का डळमळतात, त्यांच्या डळमळण्यानं आम्ही बिथरतो आणि बिथरून घसरतो. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण काय उगाच झाली? आबांनी एकदा अहिराणीत विचारलंसुद्धा, "कसाले तिले बोलस? आम्हनं बठ्ठासनं चुकत आसी." सगळ्यांचंच चुकत असेल, असं म्हणत होते बिचारे. मी त्यांनाही गप्प केलं.

त्याच सुमारास धुळ्याच्या एका मंडळानं आम्हाला त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात वीस मिनिटं दिली. आबांच्या ओळखीनं. आमचा पहिला जाहीर कार्यक्रम. अक्कांच्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांची एकुलती एक लेक सोनगीरला दिलेली. धुळ्यापासून सोनगीर कितीसं लांब? लेक सासूला, जावांना, सगळ्यांना घेऊन येणार होती. अक्कांनी मला सांगितलं, "मॅडम, लग्नात तं बठ्ठ्या गातात. माहा आवाज कोनता हे कोनाले कयते? पोरीनं बी माहा एकटीचा आवाज कधी आयकेल नही."

एकटीचा म्हणजे काय, तेही सांगते. माझ्या मांडणीत गाण्याच्या अगदी शेवटी आम्ही तिघं थांबतो आणि अक्कांचा सूर तेवढा चार मात्रा उरतो. बाकी साऱ्या गाण्यात त्यांना चाल नव्हती, शब्द नव्हते, कुणाला वेगळं ऐकू येईल असं काही नव्हतं. त्या चार मात्रा मात्र त्यांच्या एकटीच्या. त्या चार मात्रांसाठी त्या बोदवडहून उन्हात यायच्या, हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमचे कपडेही अक्कांनीच शिवायला घेतले. आम्हा दोघींना गर्द निळे कुर्ते, पुरुषांना त्याच कापडाची जाकिटं. माझं माप घेताना म्हणाल्या, "मॅडम, श्वास घ्या मोठा. गाताना उसवाले नको."

कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना ती तालीम झाली. उन्हाचा कहर, पंखा बंद, पाचव्यांदा तेच गाणं, पाचव्यांदा तोच खडा. मी ओरडले. "अक्का, कान आहेत की नाहीत? इतक्यांदा सांगून तुम्ही पुन्हा वरच!"

अक्का लाल झाल्या. उन्हानं की शरमेनं, कोण जाणे. मग फार हळू म्हणाल्या, "मॅडम, एकडाव मधीच पेटी वाजवून पाहता का? मले वाटते मी तठीच हाये. तुम्ही खाले चालल्या."

मेडिकलवाल्या भाऊंनी पेटीकडे हात नेला. मी तो हात धरून बाजूला केला. खरंच धरला. आणि म्हणाले, "मला पेटी लागत नाही. मी हे वीस वर्षांची असल्यापासून गातेय. ही हळदीची गाणी नाहीत अक्का."

 आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मी हे वाक्य आजवर कितीदा मनात परतून पाहिलं असेल! उचलली जीभ लावली टाळ्याला. पण नुसती जिभेची चूक असती तर मी स्वतःला इतकं खात बसले नसते. भाऊंचा हात मी धरला तेव्हा मला भीती वाटली होती. अगदी क्षणभर, पण वाटली होती. पेटी वाजली आणि अक्का खऱ्या निघाल्या तर, अशी. म्हणून मी ती वाजू दिली नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी मी अक्कांना फोन केला आणि गोड आवाजात म्हणाले, "अक्का, या वेळी तुम्ही विश्रांती घ्या. पुढच्या कार्यक्रमाला नक्की." कॉलेजातली एक तरुण शिक्षिका गाते बरी, तिला मी तयार करणार होते; तेही फोनवरच सांगून टाकलं. कारण उघड होतं. ती माझं ऐकून ऐकून गायची, माझ्याबरोबर चढायची आणि माझ्याबरोबर पडायची.

 फोनवर अक्कांचं शिलाई मशीन थांबल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बरं." आणि जराशानं, "त्या बाईचं माप पाठवा."

पुढच्या रविवारी त्या कपडे घेऊन आल्या. इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. स्वतःसाठी शिवलेला कुर्ता त्यांनी उसवून त्या नव्या मुलीच्या मापाचा केला होता. मी चहाला थांबा म्हटलं. त्या "पॅसेंजर हाये" म्हणाल्या. पॅसेंजरला दीड तास होता. मला वेळापत्रक पाठ होतं, तरी मी थांबवलं नाही, कारण त्या गेल्या की मला हलकं वाटणार होतं. आणि वाटलंही.

धुळ्याचा कार्यक्रम छान झाला. लोकांना समजलं किती देव जाणे, पण टाळ्या भरपूर पडल्या. आम्ही सगळे एकदिलानं, एकजुटीनं, पट्टीभर खाली आलो आणि कुणाला काही खटकलं नाही. शेवटच्या चार मात्रा त्या मुलीनं धरल्या. समोरच तिसऱ्या रांगेत अक्का बसल्या होत्या, लेक आणि लेकीची सासू यांच्या मधोमध. आमंत्रण आधीच गेलं होतं ना! ते परत कसं घेणार?

कार्यक्रमानंतर लेक मला भेटायला आली. अक्कांसारखंच हसणारी, कडेवर पोर. म्हणाली, "मॅडम, आईचा घसा नेमका आत्ताच बसायचा होता बघा. आम्ही सगळे तिच्यासाठी आलो होतो."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या चपलेचा पट्टा नीट करत होत्या. माझी लाज झाकायला त्यांनी स्वतःच्या घशावर खोटं घेतलं होतं. सासूच्या समोर खरं सांगायची एवढी संधी माझ्यापुढे होती. मी काय म्हणाले? म्हणाले, "हो ना, अगदी आयत्या वेळी बसला. काय करणार!" वरून अक्कांना सांगितलं, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा." अंगावर त्यांनीच शिवलेला कुर्ता होता. एक टाका उसवला नव्हता.

त्यानंतर अक्का तालमीला आल्या नाहीत आणि मी बोलावलं नाही. 'पुढच्या कार्यक्रमाला नक्की' म्हटलं होतं, तो पुढचा कार्यक्रम आला आणि गेला.

सातेक महिन्यांनी मी नवं गाणं मांडायला घेतलं. जुन्या तालमी मेडिकलवाले भाऊ मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचे, आपला भाग पाठ करायला. मी त्यांच्याकडून ती सगळी रेकॉर्डिंग मागवून घेतली. मला एवढंच पाहायचं होतं की दुसरा अंतरा किती सेकंदांचा होतो. दुपारची वेळ, नवरा ऑफिसात, पेटी समोर उघडी. ऐकता ऐकता खडा आला, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "अक्का, वर." एकटीच होते खोलीत. मग, हात धरायला या वेळी समोर भाऊ नव्हते म्हणून असेल, मी पेटीचा भाता हलवला आणि अक्कांचा सूर दाबला.

तंतोतंत. पेटीचा सूर अक्कांच्या सुरात असा मिसळला की पेटी वाजतेय की नाही तेच कळेना.

मी दुसरं रेकॉर्डिंग लावलं. तिसरं लावलं. सगळ्या तालमी ऐकल्या. अक्का जिथून निघाल्या तिथंच होत्या, शेवटच्या चार मात्रांपर्यंत. घसरत होते ते आम्ही, आणि आधी घसरत होते ती मी. दुसऱ्या अंतऱ्यात चाल पायरी पायरीनं खाली येते, तिथं प्रत्येक पायरी मी जराशी मोठी घेत होते. आबा आणि भाऊ माझ्या मागोमाग, चाल माझ्याकडे म्हणून. आणि याचं मला नवल वाटायला नको होतं. पुण्याच्या आमच्या सरांनी मला हेच सांगितलं होतं, दोन वेळा: "उतरताना तू घाईनं खाली बसतेस." पंचवीस वर्षं मी ते विसरून गेले होते, म्हणजे सोयीनं.

सगळ्यात वाईट मात्र पुढचं. काही तालमींत माझ्या ओरडण्यानंतर अक्का खाली आलेल्या ऐकू येतात. खरा सूर सोडतात, चाचपडतात, आमच्यात येतात. आणि लगेच माझी टाळी, आणि माझाच आवाज: "बघा! आता कसं जुळलं!"

मी रडले. चांगली हमसून रडले. पण रडण्यानं काय होतंय? शनिवारी सकाळी बोदवडची गाडी पकडली.

अक्का दुकानात होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची पुसली, पाण्याचा तांब्या दिला. "या, मॅडम! कसा काय रस्ता चुकल्या?" चेहऱ्यावर राग शोधून सापडला नाही. असता तर बरं झालं असतं, मला रागाशी बोलता येतं. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. "अक्का, चूक माझी होती. तुम्ही बरोबर होतात, पहिल्यापासून. मी तुम्हाला काढलं ते चुकीचं केलं. धुळ्यात तुमच्या लेकीसमोर खोटं बोलले. मला माफ करा आणि परत या."

अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ द्या ना मॅडम. त्याले किती दिस झाले."

"तुम्ही गाताय ना? घरी, लग्नात?"

 त्यांनी कात्री उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "आता नही गात. दिराच्या पोरीची हयद होती दिवाळीनंतर. बठ्ठ्या म्हनल्या, म्हन ना व. मी तोंड उघडलं, न् मले वाटलं, वर तं लागत नही ना? मंग तठीच थांबली. आता ताट वाढाले जाते मी. तठी बी मानूस लागतेच की."

 मी मोबाइल काढला. कागदावर उत्तर दाखवलं की पोरांना पटतं, तसं यांना पटेल, असं मला गाडीत वाटत होतं. शेवटच्या तालमीचं रेकॉर्डिंग मी लावलं, दुसऱ्या अंतऱ्यापासून. अक्का मान कलती करून ऐकू लागल्या, अगदी मन लावून. माझ्या दिवाणखान्यात ऐकायच्या तशाच. खडा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"हे वरतं जे खटकू राह्यलं," त्या म्हणाल्या, "ते मीच ना?"

"तेच बरोबर आहे अक्का! तेवढंच बरोबर आहे. आम्ही खाली आहोत, तुम्ही जागेवर आहात. मी पेटीवर तपासलंय. अगदी खात्रीनं सांगते."

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. समजूत घालावी तसं हसल्या, लहान पोराची घालतात तशी.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तव्हा बी तुम्ही असंच खात्रीनं सांगत होत्या."